टाचणीचं काम

मूर्तिजापूर, ९ डिसेंबर २००७

तलाव खणणारा तो जुना बुलडोझर आज चालला! भंगारवाले रहीमचाचा उद्या तो कापणार होते. आज संध्याकाळपर्यंत चालू केलास तर तुझा, म्हणाले होते.

इंजिन सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडायचं. मी तीनदा डिझेल पंप खोलला, टाकीचं झाकण एकदाही पाहिलं नाही. दोष तिथेच होता. झाकणाच्या हवेच्या छिद्रात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. हवा आत जात नाही, तर डिझेल खाली येणार कसं? टाचणीने छिद्र मोकळं केलं. दोन मिनिटं झाली, दहा झाली, धडधड चालूच.

"काहून वो इंजिनेरबाई, कुंभारनीनं हरवलं होतं तुमाले?" चाचा हसले. मग कटरची नळी गुंडाळत म्हणाले, "ने बेटा. पण चालवतच ने."

चालवतच आणला. टाचणी अजून खिशात आहे.