फसलेल्यांची फळी

नाना, काल दसरा झाला. आपल्या कापसाच्या जिनात यंत्रांची पूजा झाली, इंजिनाला झेंडूचा हार घातला, सगळ्यांना पेढे वाटले, आणि घरी आल्यापासून मी तुमच्याशी भांडतो आहे. भांडतो म्हणजे काय, तुम्ही बोलत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी मीच बोलतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्यावर रागवायला तुमच्याशिवाय कोणी सापडत नाही. तुमच्या खुर्चीवर आता मी बसतो. मॅनेजरला कोण रागावणार?

तुमच्या हाताखाली कारकून म्हणून लागलो, त्या वर्षीचा दसरा अजून डोळ्यांसमोर आहे. कपाशीतून सरकी वेगळी करणारे चामड्याचे रोळ, पाती, पाने, तेलाच्या बुधल्या, सगळं धुऊनपुसून मांडलेलं आहे. शेजारी भिंतीला एक लांब फळी ठोकलेली, आणि तिच्यावर वाकड्या पट्ट्या, फुटकी चाळणी, कसले तरी डबे. जिनात कोणी काही नवं करून पाहिलं आणि ते फसलं, तर फेकायचं नाही, या फळीवर ठेवायचं, हा तुमचा नियम. दसऱ्याला त्यालाही हळदकुंकू. नारळ फोडायचा मान ज्याचं फसलं त्याचा. फक्त फोडण्याआधी त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं, काय करायला गेलो आणि कुठे फसलो. पहिले तुम्हीच उभे राहिलात. धूळ बाहेर जावी म्हणून तुम्ही बसवलेल्या पंख्याने रुईच अंगणात उडवली होती, आणि गाडीवानांना बैलांच्या शिंगांवरून ती वेचावी लागली होती. हे तुम्ही असं रंगवून सांगितलंत, की कपास घालणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मग यंत्रांना तेल घालणारा तेलवाला उठला. तेल आपोआप ठिबकावं म्हणून त्याने डबा टांगला होता, आणि ते ठिबकलं होतं नेमकं रुईवर. मी जरा जास्तच हसलो. तुम्ही वळलात.

“हासू नको. तुन्हं काय फसनं ते सांग.”

“मन्हं काहीच फसनं नही, नाना,” मी ऐटीत म्हणालो.

“मंग वरीसभर तू करं काय?”

पूजेचं ताट घेऊन मी पुढच्या यंत्राकडे सटकलो. तेलवाल्याचा तो डबा पुढे दोन-तीन दसरे फळीवरच होता. कोणी त्याला वात लावून पाहिली, कोणी भोक बारीक केलं, आणि एके वर्षी तो फळीवरून उतरून यंत्रावर चढला. आज जिनातल्या प्रत्येक यंत्राला तसाच डबा आहे. जिनाचे मालक शेठजी कधी विचारायचे, हे कोणाचे उद्योग? जमलेलं असेल तर तुम्ही करणाऱ्याला पुढे करायचात, बिघडलं असेल तर “मी सांगितलं होतं” म्हणून मोकळे व्हायचात. मला तेव्हा वाटायचं, नाना भोळे आहेत. जाताना कुंकवाचा तुमचा पितळी करंडा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “यंत्रले कोनीबी कुंकू लावस. तू फळीले लावजो.” तापीकाठच्या प्रकाशा गावी तुमच्या दहाव्याला बसलो होतो, तेव्हाही हेच मनात होतं. लावीन म्हणून मी तिथे हातही जोडले होते.

आणि नाना, फळी मीच काढली. कोणी काढायला सांगितलं नव्हतं. शेठजींचे चिरंजीव बाहेरचे व्यापारी घेऊन जिन दाखवायला आले होते. फळीपाशी थांबून त्यांनी सहज विचारलं, “आ शुं छे?” हे काय आहे, एवढंच. तुमच्यासारखं हसून सांगता आलं असतं. पण पाहुण्यांपुढे माझी मान खाली गेली आणि मी बोलून गेलो, जुनं सामान आहे, काढतोच आहे. मग काढावंच लागलं. आधी गोदामात नेलं. लढाई लागली, लोखंडाला भाव आला, तेव्हा भंगारात विकलं. कोणी हूं की चूं केलं नाही. पुढे माझ्या जिनात काही फसेनासं झालं, आणि मी चारचौघांत ते मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

गेल्या हंगामात कोरीट गावाहून कामाला येणाऱ्या एका बाईच्या शेजारी काम करणारीचं बोट रोळात सापडलं. ही कोरीटची बाई तिखट. तिच्याशी बोलताना मुकादमही दोन पावलं लांब उभा राहतो. तिने बांबूची एक रुंद पट्टी तासून आणली, हाताऐवजी त्या पट्टीने कपास आत ढकलायची म्हणून. पट्टी मोडली, चिपा रोळात गेल्या, रोळाचं चामडं फाटलं आणि यंत्र संध्याकाळपर्यंत बंद पडलं. मी काय केलं असेल? भर जिनात ओरडलो, “उद्यापासून सरकी उचल!” यंत्रावरची बाई अंगणात सरकीच्या पाट्या वाहायला गेली. महिन्याभराने इंजिनाचा मोठा पट्टा उसवून तुटला आणि सगळं जिनच थांबलं. तो उसवतोय हे सगळ्यांनी पाहिलं होतं. का सांगितलं नाहीत, म्हणून मुकादमाला धरलं, तर तो शांतपणे म्हणाला, “बोलनं का सरकी उचलनी पडस, भाऊसाहेब.” तुमचं जिन मी कुठे आणून ठेवलं, ते मला तेव्हा कळलं.

म्हणून यंदा सुताराकडून नवी फळी करून घेतली. मोडकी पट्टी सापडली ती तिच्यावर ठेवली, तुमच्या करंड्यातलं कुंकू लावलं आणि सगळ्यांसमोर त्या बाईला हाक मारली. मला वाटलं, ती खूश होईल. खरं सांगायचं तर, मला मीच फार आवडलो होतो त्या वेळी. ती आली, पदराला हात पुसले, नारळ घेतला, फळीकडे बघितलं, आणि नारळ परत माझ्या हातात ठेवला.

“मन्ही पट्टी एकच डाव मोडनी. मी दुसरी करनार व्हतू. मन्हं काय फसनं? फसनं ते तुम्हनं, भाऊसाहेब. नारय तुम्हीच फोडा.”

कोणी हसलं नाही. मी नारळ फोडला. खोबरं वाटलं, तिनेही घेतलं.

नाना, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. फोडण्याआधी मोठ्याने सांगायचं असतं, काय करायला गेलो आणि कुठे फसलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. मी काहीच बोललो नाही. उद्या हंगामाचा पहिला भोंगा होईल. कामाच्या यादीत ती बाई अजून सरकीवरच आहे, कारण तिला यंत्रावर परत घ्यायचं, तर का घेतलं ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल.