काठावर कोण थांबणार

झरी, ता. तलासरी
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. चंद्रिकेस,
लाहूदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन का केला नाही, असं म्हणशील. घरातला फोन वाजला की आधी तुझी वहिनी उचलते, ती नसली तर सूनबाई संगिता, आणि मेसेज आला तर तो मोठ्याने वाचून दाखवायची आमच्याकडे पद्धत पडली आहे. हे काम चारचौघांत बोलायचं नाही. उत्तरही पत्रानेच पाठव. पोस्टमनला मी सांगून ठेवलंय, तो पत्र माझ्याच हातात देईल.

तर, मला एक कयाक घ्यायची आहे. समुद्रावर चालवायची. हसून झालं असेल तर पुढे वाच. तू रूपेशकडे कयाक शिकलीस, तेव्हा तुझ्याइतकं माहीतगार माणूस आपल्या घराण्यात दुसरं नाही. आपल्या सात पिढ्यांनी भात आणि नागली केली, होडीत कोणी पाय ठेवला नाही. कोणीतरी सुरुवात करायला हवी ना?

बोर्डीकडच्या एकाला त्याची जुनी कयाक काढायची आहे. नारिंगी रंगाची, आखूड, चांगली ऐसपैस. त्याने ती दापचरीच्या धरणावर आणून दाखवली. मी काठावर उभा राहून नीट पाहिली. जरासुद्धा हलत नाही. दोन माणसं आणि वर भाताचं एक पोतं सहज मावेल.

बाजारातून कोणाच्या चपला आणायच्या तर आपण पायाच्या मापाची काडी नेतो, तसा सोबत दोरा पाठवतो आहे. पहिली गाठ बसल्यावरच्या रुंदीची, दुसरी पाठीपासून पावलापर्यंतची. रूपेशच्या बोटीत लावून बघ आणि काय ते कळव. मला दिवाळीआधी त्याला हो म्हणायचं आहे.

भात कापणीला आलंय, बाकी सगळं जागच्या जागी. रविंद्ररावांना नमस्कार सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
लाहूदादा


डहाणू
१४ ऑक्टोबर २०२४

ती. लाहूदादास,
चंद्रिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हसूनही झालं, पण त्याला जरा वेळ लागला. रविंद्र म्हणाले की उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग ही म्हण बहुतेक तुमच्या लाहूदादांवरूनच निघाली असावी.

आधी नारिंगी बोटीचं. घेऊ नकोस. धरणाचं पाणी म्हणजे परातीतलं पाणी, त्यात काहीही तरंगतं. समुद्रावर वारा सुटला की तसली आखूड बोट गिरक्या घेत बसते. वल्हं मारून मारून खांदे भरून येतात आणि काठ आहे तिथेच राहतो. समुद्राला लांब, निमुळती बोट लागते. ती सुरुवातीला डुगडुगते, म्हणून नवखी माणसं घाबरतात आणि रुंदच मागतात. थोडे दिवस बसलं की ती डुगडुग अंगवळणी पडते. पुढच्या आणि मागच्या टोकाला घट्ट झाकणाचे कप्पे हवेत, म्हणजे उलटली तरी पूर्ण भरून बुडत नाही. भाताच्या पोत्याचा विचार डोक्यातून काढून टाक, तू बैलगाडी घेत नाहीयेस.

जुनी घ्यायला माझी ना नाही. पण पालथी घालून बूड बघावं, चिरा बघाव्यात, झाकणं उघडून आत ओल आहे का ते बघावं. उन्हात वर्षानुवर्षं पडलेली असेल तर प्लॅस्टिक ठिसूळ होतं, मग ती फुकट मिळाली तरी नको. आणि ठेवणार कुठे? झरीहून दर वेळी टेम्पोवर बांधून आणणार का? ठेवायची तर आमच्या पडवीत. रविंद्र आशागडच्या वेल्डरकडून ती टेकवायला दोन लोखंडी घोडे करून घेतो म्हणालेत. वजनाचंही लक्षात घे. इकडे ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की वेळ चुकली तर चिखलातून बोट वाहून न्यावी लागते. वल्हं आणि लाइफ जॅकेट चांगल्यातलं घ्यायचं, तिथे हात आखडायचा नाही. काही लोक सगळं बोटीवर घालवतात आणि जॅकेट कोणाचं तरी उसनं घालतात.

आता दोऱ्याचं. रूपेश वाढवणचा आहे, बंदराच्या विरोधातला मोर्चा असला की त्याची शिकवणी बंद असते, म्हणून उत्तराला उशीर झाला. त्याच्या बोटीत दोरा लावला. रुंदी बरोबर बसली. पण दादा, दुसरी गाठ तुझ्या पायाची असेल तर तुझे पाय गुडघ्याखाली कोणीतरी कापून नेलेत. एसटीच्या सीटवर तुला सरळ बसता येत नाही, हे मी लहानपणापासून बघते आहे. हे माप शुक्रीवहिनीचं आहे. तिच्यासाठी घेत असशील तर चांगलंच आहे, पण तिला सांग. कयाक काही साडी नव्हे, आणली आणि हातात ठेवली. जिला चालवायची आहे तिने आधी बसून, उलटून, पुन्हा चढून बघायला हवं. झोडणी आटोपली की तिला घेऊन ये.

संगिता, नितीन दोघांना आशीर्वाद. उत्तराची वाट बघते, आणि रागावू नकोस.

तुझी,
चंद्रिका


झरी
३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. चंद्रिकेस,
लाहूदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पकडलंस. तू लहानपणीही अशीच होतीस, आंबे कोणी पाडले ते कोयी बघून सांगायचीस.

मार्चमध्ये बचत गटाच्या बायका तुमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा रूपेशने सगळ्यांना एकेक फेरी मारून आणलं. बाकीच्या किंचाळत होत्या आणि शुक्री एकटी गप्प होती, उतरायला सांगितलं तर उतरेना, हे तूच मला सांगितलं होतंस. तेव्हापासून तलासरीच्या बाजारात मासेवालीकडे गेली की भाव विचारायच्या आधी ती भरती कधी आहे ते विचारते. मासेवालीला वाटतं, बाईला मासे ताजे आहेत की नाही ते काढून घ्यायचंय. मला माहीत आहे शुक्रीच्या मनात काय आहे ते.

इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. हेही मागितलेलं नाही. आणि विचारलं तर नाही म्हणणार. मी आणलेल्या साड्या घडीसुद्धा न मोडता संगिताला जातात. म्हणून मी ठरवलं होतं की माझ्या नावावर बोट घ्यायची, एकदा बसल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, मला काही हे जमत नाही, आता तूच चालव. गावात लोक हसतील याचीही मला थोडी लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

माप घेताना तिला सांगितलं की ओट्यावर नवीन बाक करायचा आहे. आता रोज विचारते, बाक कधी येणार.

झोडणी झाली की घेऊन येतो. तिला पोहायचं सांगायला नको, नदीत खेकडे धरत वाढलेली आहे. मला गुडघ्याच्या वर पाणी सोसत नाही, ते तुला माहीत आहे. नारिंगीवाल्याला नको म्हणून कळवलं. तुझा शब्द मानला, तेव्हा आता तूही तोंड बंद ठेव.

तुझा,
लाहूदादा


डहाणू
४ डिसेंबर २०२४

ती. लाहूदादास,
चंद्रिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुला पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत पाठवलं, याचा राग मनात ठेवू नकोस. दुसरा इलाज नव्हता.

शिकवणीतला पहिला धडा उलटण्याचाच असतो. बोट मुद्दाम पालथी घालायची, खालून सुटून बाहेर यायचं आणि पाण्यातूनच परत चढायचं. हे जमेपर्यंत कोणीही बोट विकत घेऊ नये. हे तुला आधीच लिहिलं होतं. वहिनीची बोट उलटली ती रूपेशच्या सांगण्यावरून. पाणी छातीएवढं, आणि रूपेश हाताच्या अंतरावर. तरी तू चपला, पँट आणि खिशातल्या मोबाइलसकट पाण्यात धावलास. ती वर आली तेव्हा तिला साधा ठसकाही लागला नव्हता. खोकत होतास तू. मोबाइल तांदळात ठेवून काही झालं का, ते कळव.

तू गेल्यावर शिकवणी नीट झाली. काल वहिनी कोणाचाही हात न धरता पाण्यातून बोटीत चढली, तीनही वेळा. लाटा कापत बाहेर गेली, वाऱ्याच्या अंगाला वळवून परत आली. रूपेशला त्याची जुनी लांब कयाक द्यायची आहे. मी पालथी घालून पाहिली. बूड धड आहे, एका झाकणाचं रबर तेवढं बदलायला हवं. वहिनीचे पाय आतल्या टेकूवर बरोबर टेकतात. तिने फक्त होकाराची मान हलवायची बाकी होती.

आणि तिने नाही म्हटलं. मी खूप विचारलं. शेवटी म्हणाली, यांना मीच लिहिते. सोबत तिचं पत्र आहे, मी वाचलेलं नाही. काय असेल ते दोघं ठरवा, पण तिच्याशी खोटं बोलू नकोस. तुला ते जमतही नाही.

तुझी,
चंद्रिका


डहाणू
४ डिसेंबर

यांस,
शुक्रीचा नमस्कार. वि. वि.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते. पाकिटावर तुमचं नाव चंद्रिका घालणार आहे. माझं अक्षर सातवीत होतं तसंच आहे, सांभाळून घ्या.

बाकाचं मला तेव्हाच कळलं होतं. बाकासाठी कोणी पावलापर्यंत माप घेत नाही. बोलले नाही, कारण तुम्ही खुशीत दिसत होतात.

बोट चांगली आहे. मला ती हवी आहे. आजवर कुठल्या वस्तूविषयी असं वाटलं नव्हतं, म्हणून स्पष्ट लिहिते. लाटांच्या पलीकडे गेलं की पाणी सपाट होतं आणि फक्त वल्ह्याचा आवाज येतो. मागे वळून बघितलं तर आपल्या बाजूचे डोंगर सगळे एका ओळीत दिसतात. आपण इतकी वर्षं त्यांच्यातच राहतो, पण ते असे उभे आहेत हे मला माहीत नव्हतं. मला खूप बरं वाटलं.

पण मी रूपेशला नाही म्हणाले. कारण तुमचा चेहरा. तुम्ही पाण्यात धावत आलात तेव्हा मी तो पाहिला. नितीनला साप चावला होता आणि आपण त्याला जीपमधून नेत होतो, त्या दिवशी तुमचा चेहरा असाच झाला होता. पुन्हा तो बघायची माझ्यात ताकद नाही. इथला नियम आहे की पाण्यात जाणाऱ्याचं माणूस काठावर हवं, कधी निघालो आणि कधी येणार हे त्याला ठाऊक हवं. माझं माणूस तुम्ही. माझ्या हौसेपायी तुम्ही तिथे जीव मुठीत धरून उभं राहायचं आणि मी मजेत फिरून यायचं, हे मला नाही जमणार.

तुम्ही म्हणाल, हळूहळू भीती जाईल. तसं लिहू नका. मी दूर गेलेली असताना तुम्हाला काठावर निवांत बसता येईल का, एवढंच सांगा. येत असेल तर बोट घेऊ. नसेल तर नको. मी रुसणार नाही आणि हा विषय पुन्हा काढणारही नाही.

तुमचं उत्तर आलं की निघते. गुरांना पेंढा वेळेवर घालत जा. संगिताला एकटीला सगळं पडत असेल.

तुमची,
शुक्री


झरी
११ डिसेंबर २०२४

सौ. शुक्रीस,
वि. वि. याच्या आधी काय लिहायची रीत आहे ते मला माहीत नाही. आशीर्वाद लिहावे, तर तू काही लहान नाहीस.

तुझं पत्र शेतात वाचलं. मग पुन्हा घरी वाचलं. संगिता विचारत होती कोणाचं, तर तुझ्या सासूचं म्हणून सांगितलं. लपवायला आता काही उरलेलं नाही.

खरं लिहा म्हणालीस. तर नाही बसता येणार. काल दापचरीला गेलो आणि धरणाच्या काठावर मुद्दाम बसून पाहिलं. पाण्यात कोणी नव्हतं. तू आत आहेस असं नुसतं मनात आणलं आणि मी उठून उभा राहिलो. शेजारचा गुराखी विचारायला लागला, काय हरवलं. तेव्हा भीती जाईल असं मी लिहीत नाही. ती जाणार नाही.

पण बोट तू घे. काठावर मी नसेन, एवढंच. काठावर चंद्रिका आणि रूपेश. कधी निघालीस, कधी येणार ते त्यांना सांगत जा, आणि ते सांगतील तेव्हाच जा, वारा असेल त्या दिवशी नाही. मला मात्र सांगू नकोस. तू नणंदेकडे गेली आहेस, एवढंच मला माहीत असू दे. पाण्यात आज जाणार की उद्या, ते कळायला नको. फोनही नको. फोन येणार म्हटलं की मी वाट बघत बसेन आणि जरा उशीर झाला की इथे सगळ्यांचा जीव खाईन. तू आल्यावर पत्र टाक. पत्राला वेळ नसते, ते येईल तेव्हा येतं. आणि हातात पडेल तेव्हा तू केव्हाच परत आलेली असशील.

माझी भीती माझ्याकडे राहू दे. तुझ्यामुळे आहे, पण तुझ्या वाट्याची नाही. तू बोटीत बसलीस की ती बरोबर घ्यायची नाही. मला तू आनंदात हवी आहेस, हे तोंडाने सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहितो.

झाकणाचं रबर बदलून घेतल्याशिवाय रूपेशला हो म्हणू नकोस. बाक खरंच करायला टाकला आहे. गुरं ठीक.

तुझा,
लाहू


डहाणू
९ जानेवारी २०२५

यांस,
शुक्रीचा नमस्कार. वि. वि.

काल समुद्रावर गेले होते. आले.

तुमची,
शुक्री