तिसऱ्या कागदावरची खडूची खूण

४ जून

चि. टाचणीस आजोबांचे उदंड आशीर्वाद.

तुझे चारही कागद मिळाले. पाकिटाचा कोपरा ओला होता, म्हणून आधी पोस्टमनवर चिडलो, मग तुझ्यावर. धड चिकटवत नाहीस. संगणकाचा पडदा कागदावर काढून पोस्टाने पाठवायचा आणि म्हाताऱ्याने आपण कुठे बोट ठेवू तिथे पेन्सिलीने खूण करायची, याला काम म्हणतात का, असं आजी विचारते. फुकट करतेस हे सांगितल्यावर म्हणाली, गुण घराण्याचाच आहे.

चारही कागदांवर खुणा करून सोबत पाठवतो. बरोबर आल्या असतील ना? चौथीत शाळा सुटलेल्या शिंप्यामुळे तुझं नाक कापलं जायला नको. उलट टपाली कळव, जिवाला घोर आहे. डोळ्यांना पाणी लावत जा.

लोभ उसवू देऊ नकोस.
तुझे आजोबा

९ जून

ती. आजोबांना टाचणीचा शि. सा. न. वि. वि.

चारही खुणा अचूक! आजीला सांगा, या घराण्यात आणखीही गुण आहेत. फोनवर का विचारत नाहीस, असं तुम्ही मागे म्हणाला होतात. फोनवर तुम्ही अडलात की मीच सुचवून टाकीन, म्हणून कागद.

आमची ही ऑनलाइन शाळा कुणा एकाच्या मालकीची नाही. कुणीही तिची आतली शिवण उलटून बघावी, टाका चुकला असेल तर सगळ्यांसमोर सांगावं. गृहपाठाचं पान मी आखलंय; तुमचे चार कागद म्हणजे त्याच्या चार पायऱ्या. आमच्यातला एक दाढीवाला महिनाभर भांडतोय की वयस्क विद्यार्थी तिसऱ्या पायरीला अडकतील. मी तुमचे कागद सगळ्यांपुढे ठेवले आणि लिहिलं, माझे आजोबा बहात्तर वर्षांचे, चौथी शिकलेले, एकदाही अडखळले नाहीत. तेव्हापासून दाढी गप्प आहे. वीस तारखेला मतं पडली की पान सगळ्यांना खुलं.

तुमच्या मायेची ऊब अशीच राहो.
टाचणी

१३ जून

चि. टाचणीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. आजी म्हणाली, पोटात आहे ते लिहून टाका, नाहीतर माझं डोकं खाऊ नका.

त्या खुणा माझ्या नाहीत. आधी मी एकट्यानेच केल्या होत्या, पण खडूने. मग शेजारच्या मास्तरांना दाखवल्या. ते हसले, म्हणाले, अहो, चारातल्या तीन चुकल्या. कुठे बोट ठेवायचं ते त्यांनी दाखवलं. मी खडू पुसला आणि त्यांनी दाखवलेल्या जागी पेन्सिल टेकवली. तुझं भलं करायला गेलो आणि हात दाखवून अवलक्षण केलं.

तिसऱ्या कागदाचं खरं ऐक. तिथे उत्तर लिहिल्यावर एकच बटण आहे, 'पाठवा'. दोन दिवस माझं बोट त्याच्यावर अधांतरी. कापडाला कात्री लागली की लागली. म्हणून आम्ही आधी खडू मारतो, मग कच्चा टाका घालतो, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघतो, आणि मगच मशीन. तुझ्या पानावर कच्चा टाकाच नाही. शेवटी मी खडू मारला तो कोपऱ्यातल्या फुलीवर. म्हणजे खरोखरचं पान असतं तर मी बंद करून उठलो असतो. शाळेतूनही असाच उठलो होतो. पाटी दाखवायची वेळ आली की ती पुसून दाराबाहेर पडायचो.

तो दाढीवाला बरोबर आहे, बाळ. आता काय करायचं ते तू ठरव. मला रागाव, पण उत्तर पाठव.

जमलं तर लोभ ठेव.
आजोबा

१९ जून

ती. आजोबांना सा. न. वि. वि.

रागावले. पूर्ण एक दिवस रागावले. तुमचं पत्र खणात ठेवून दिलं, वीस तारीख जाऊ द्यावी असंही मनात आलं. पण खण बंद केला तरी तुमचं ते अधांतरी बोट दिसत राहिलं.

शेवटी काल सगळ्यांसमोर लिहिलं की माझा पुरावा खोटा निघाला, मत पुढे ढकला. तुमचा कच्चा टाकाही समजावून सांगितला. वाटलं, आता दाढीवाला पिसं काढणार. त्याने एवढंच विचारलं की आजोबांना वेळ कधी आहे. मग आम्ही दोघांनी मिळून नवं पान आखलं. आता 'पाठवा'च्या आधी 'ठेवून द्या' आहे, आणि पाठवलेलंही दोन दिवस परत घेता येतं. चार नवे कागद सोबत आहेत. मास्तरांना माझा नमस्कार सांगा, आणि दार लावून घ्या.

रागासकट तुमचीच,
टाचणी

२८ जून

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

पाकीट या वेळी नीट चिकटवलेलं होतं. मास्तर दोनदा येऊन गेले. आजीने त्यांना दारातूनच सांगितलं की आत परीक्षा चालू आहे.

चारातल्या दोन तरी चुकल्या असणार. दुसऱ्या कागदावर तर मी दोन ठिकाणी बोट ठेवलं, दोन्ही खुणा तशाच ठेवल्यात. तिसऱ्यावर आधी 'ठेवून द्या' केलं. चहा घेतला, उत्तर पुन्हा वाचलं, आणि मग 'पाठवा'वर खूण केली. ती जरा वाकडी आलीय.

पाकीट मतं पडायच्या आत पोचेल ना, याचाच आता घोर. खडू या वेळी आजीकडे देऊन ठेवला होता.

वाकड्या खुणेसकट लोभ असावा.
तुझे आजोबा