मामा देवपूरला, मेघा जामनेरला

मेहरूण, जळगाव

तीर्थरूप प्रेमराजमामांना कुंदनचा वाकून नमस्कार. सुरतेला तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? (तुम्ही फोन उचलत नाही म्हणून कागदावर विचारतोय.) आईनं तुमच्यासाठी तिखट शेव केली आहे, पण पाठवायची हिंमत होत नाही.

मामा, मेघाताईच्या लग्नातून तुम्हाला कुणी मुद्दाम चुकवलं नाही. माती मी खाल्ली. ताईची मोबाइलवरची पत्रिका मी स्वतः प्रोग्राम लिहून केली, ती तुम्हीच सुरतभर कौतुकानं दाखवत होता. ती बघून देवपूरच्या एका कुटुंबानं त्याच दिवसाच्या लग्नासाठी तश्शीच मागितली. मी मेघाच्या पत्रिकेची नक्कल काढली, नावं बदलली आणि त्यांचा हॉल टाकला. आता प्रोग्राममध्ये अशी गंमत असते (गंमत कसली, माझं कर्म!) की नक्कल कधीकधी वरवरचीच निघते. नावं वेगळी झाली, पण हॉलचा पत्ता दोन्ही पत्रिकांत मिळून एकच राहिला. म्हणजे मी दुसरं घर बांधलंच नाही, त्याच घराची दुसरी किल्ली करून दिली. देवपूरवाल्यांसाठी आतला रंग बदलला, तो मेघाच्याही घराचा बदलला. तुम्ही गाडीत पत्रिका उघडलीत तेव्हा जामनेर जाऊन तिथं देवपूर आलं होतं. तुम्हाला वाटलं, ऐनवेळी हॉल बदलला असेल. विचारायला केलेला फोन लग्नघरात कोण उचलणार? चूक कळल्यावर बाकीचे पाहुणे मी वळवले, पण तुमचा फोन लागेना.

पुढचं देवपूरवाल्यांकडून ऐकून मी आधी हसलो, त्याची फार लाज वाटते. तिकडे नवरीचे मामा वाटेत अडकलेले, भटजींची घाई, आणि तुम्ही फेटा बांधून "मी नवरीचा मामा" म्हणत आत शिरलात. "मामा उना, मामा उना!" करत त्यांनी तुम्हाला हाताला धरून नवरीमागे उभं केलं. मंगलाष्टकं संपली, नवरी वळली, तेव्हा तुम्हाला कळलं. तुम्ही न जेवता सुरतेला परत गेलात.

इकडे मेघा "मामा ई राहिना, थांबा जरा," म्हणत तुमची वाट बघत होती. मुहूर्त थांबला नाही. तुमच्या जागी तिनं दुसऱ्या कुणाला उभं राहू दिलं नाही.

तुमचा नालायक भाचा,
कुंदन

ता. क. खरं काम राहिलंच. ताई लग्नाचा अल्बम छापू देत नाही. रविवारी तोच फेटा घेऊन जामनेरला या आणि तिच्यामागे उभे राहून एक फोटो काढू द्या. (पत्ता सोबत हातानं लिहिला आहे.)

ता. क. देवपूरवाल्यांनी तुमचा फोटो पाठवला. परक्या नवरीमागे उभे राहून तुम्ही शेमल्यानं डोळे पुसताय. आई नको म्हणत होती, तरी मी तो ताईला दाखवला. तिनं फोटोतल्या तुमच्या डोळ्यांवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, आणि म्हणाली, "हाई रडनं मन्हं व्हतं."