उताऱ्याबाहेरचं उत्तर

पुणे,
दि. ११ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
राजवीरचा सा. न. वि. वि.

परीक्षेमुळे पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तिळाच्या वड्यांचा डबा परवा पोचला. निम्म्या वड्या प्रसेनजीतनं संपवल्या. प्रसेनजीत म्हणजे गारगोटीचा, माझ्या खोलीतला. तुझ्या आत्याला सांग, गूळ एक नंबर हाय, असा त्याचा निरोप आहे.

आता एक काम. दिवाळीत मी तुला आमचा संगणकावरचा खेळ दाखवला होता, आठवतो? एकाच जगात हजारो लोक एका वेळी वावरतात. सुरुवातीला प्रत्येकानं एक वंश घ्यायचा: माणसं, टोकदार कानांचे एल्फ, बुटके दाढीवाले ड्वार्फ, नाहीतर हिरव्या कातडीचे, सुळेवाले ऑर्क. मग पंचवीस-तीस जण मिळून एक गिल्ड करतात. तू तेव्हाच म्हणाली होतीस, म्हणजे तालीमच की रे. आमच्या गिल्डमध्ये सगळ्या वंशांचे आहेत. प्रसेनजीत ऑर्क आहे. लढाईत जखमी झालेल्यांना बरं करायचं हे त्याचं काम. दोन वर्षं त्याच्यामुळेच आम्ही जिवंत राहतोय.

भांडण असं आहे. नऊ फेब्रुवारीला मोठी स्पर्धा आहे आणि तिथं खेळाच्या मूळ कथेला धरून वागणाऱ्या गिल्डला मान आहे. आमचा म्होरक्या पृथ्वीराज म्हणतो, कथेत माणसं आणि ऑर्क हाडवैरी आहेत, तेव्हा मिश्र गिल्ड कथेत बसत नाही, ऑर्कला काढा. आमच्यात ऑर्क एकटा प्रसेनजीतच. वंश बदल म्हटलं तर तो ऐकत नाही. दोन वर्षं हाच चेहरा लावून फिरतोय, आता दुसरा कसा लावू, म्हणतो.

वाद काही मिटेना. शेवटी मीच म्हटलं, माझी आत्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तिच्यासारखं इंग्रजी वाचणारं कोणी नाही, ती सांगेल ते मानायचं. सगळ्यांनी मानलं. कथेची चाळीस पानं छापून सोबत पाठवतोय.

माया कमी करू नकोस, वड्या कमी केल्यास तरी चालेल.

तुझा,
राजवीर

कोल्हापूर,
दि. १७ जानेवारी २०२५

चि. राजवीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं जाडजूड पाकीट पाहून पोस्टमन म्हणाला, कोर्टाची कागदं दिसतात. मी म्हटलं, तसंच काहीसं आहे. तुझा बाबा विजयसिंह हसतो मला. ह्या वयात राक्षसांच्या गोष्टी वाचत बसली आहेस, असं कालच म्हणून गेला. पण खरं सांगू, मला फार बरं वाटलं. किती वर्षांनी कोणी मला वाचायला काही दिलं.

टोक केलेली पेन्सिल घेऊन बसले. आमच्या शाळेत शुक्रवारी शेवटचा तास उताऱ्याचा असे. सिस्टर फळ्यावर प्रश्न लिहीत आणि बजावत, उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. त्या तासाला माझी वही पहिली जायची. परवा ती पानं वाचताना निळा फ्रॉक, दोन वेण्या, खिडकीबाहेरचं गुलमोहराचं झाड, सगळं आठवलं.

तर उत्तर असं. पान एकतीस, तिसरा परिच्छेद. राजाच्या इतिहासकारानं स्पष्ट लिहिलं आहे की माणसांनी आणि ऑर्कांनी एका विस्तवाशी बसू नये आणि एका छपराखाली निजू नये. एल्फ आणि ड्वार्फ यांच्याबद्दल असं काही नाही, ते चालतील. ऑर्क मात्र बसत नाही. पृथ्वीराजचं म्हणणं बरोबर आहे. वाईट वाटतं, पण उताऱ्यात आहे ते असं आहे.

थंडीत कानाला गुंडाळत जा. आठवण ठेवतोसच, ती अशीच राहू दे.

तुझी,
वर्षाराणी आत्या

पुणे,
दि. २४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर पृथ्वीराजला वाचून दाखवलं. त्यानं ते सगळ्या गिल्डला कळवलं, फक्त प्रसेनजीतला सोडून. त्याला सांगायचं काम माझ्याकडं आलं. तू ऑर्क आहेस म्हणून काढलं, असं तोंडावर सांगायला मला जड गेलं. त्याचं घर कुठलं, समाज कुठला, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत आहे. खेळातली गोष्ट खेळातच राहणार नाही असं वाटलं. म्हणून मी वेगळंच सांगितलं. म्हटलं, स्पर्धेला वेग लागतो आणि जखमा भरताना तुझा हात जरा हळू पडतो. त्यानं ऐकून घेतलं, बरं म्हणाला, भांडला नाही. मला वाटलं, सुटलो.

पण आत्या, आता तो रोज एकटाच खेळात जातो. एका ओसाड मैदानावर उभा राहून कोणीही जखमी नसताना जखमा भरायचा सराव करतो. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवतो आणि दर खेपेला किती सेकंद लागले ते वहीत लिहितो. काल मला म्हणाला, दोन सेकंद कमी केले बघ. मी अंथरूण झटकत राहिलो.

तुझा डबा त्यानं घासून ठेवलाय. पुढच्या खेपेला आणतो. मनात काय चाललंय ते तुलाच कळेल म्हणून लिहिलं.

तुझा,
राजवीर

कोल्हापूर,
दि. २९ जानेवारी २०२५

चि. राजवीर यास,
आशीर्वाद.

घड्याळाचं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. फोन उचलला होता, परत ठेवला. फोनवर मी रडले असते, आणि तू नुसतं हो हो म्हणाला असतास. हे तू नीट बसून वाचायला हवंस.

पंच्याहत्तर साली मी चौदा वर्षांची होते. तुझे आजोबा, आपले आण्णा, पेठेतल्या तालमीचे वस्ताद. भाऊसो नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तालमीत यायचा. छप्पन साली धम्म घेतलेल्यांपैकी त्यांचं घर. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती सगळेच खणायचे, ताक, तेल, हळद घालून कालवायचे. पण भाऊसोच्या हातानं माती जशी मऊ व्हायची तशी कोणाच्या व्हायची नाही, असं आण्णा जेवताना सांगायचे. त्या वर्षी जत्रेच्या मैदानात तालमीतर्फे एकच पोरगा उतरवायचा होता. आण्णांनी भाऊसोचं नाव धरलं.

दोघातिघांनी कुरकुर केली. तालमीची जागा ज्या सावकारानं दिली त्याचा कागद काढा म्हणाले. कागद इंग्रजीत. आण्णांनी मला बोलावून घेतलं. मुलींनी हौद्यापाशी जायचं नसतं, म्हणून मी उंबऱ्यात उभी राहून वाचला. ही जागा ह्या गल्लीतल्या मराठा घरांतल्या मुलांच्या व्यायामासाठी, असं एक वाक्य त्यात होतं. मी ते वाचलं आणि लगेच मराठीत करून सांगितलं. कुठेही अडखळले नाही. आण्णा माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मला तेव्हा वाटलं, कौतुकानं बघताहेत. आता वाटतं, मी अडखळावं म्हणून ते वाट बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून भाऊसो आला नाही. त्याला काय सांगितलं, हे मी आण्णांना कधी विचारलं नाही.

आणि ह्या वयात मी तेच पुन्हा केलं. तुझी पानं काल पुन्हा वाचली, पेन्सिल न घेता. पान अडतीसवर नदी ओलांडायच्या उतारावर लढाईत पडलेल्यांची यादी आहे. अकरा नावं माणसांची, बारावं ग्रुमाक. असं नाव माणसाचं नसतं. आधीच्या पानावरून दिसतं, हे बाराही जण रात्रभर एकाच विस्तवाशी बसून उतार राखत होते. पहिल्या वाचनात मी ती यादी सोडून दिली होती. प्रश्नात विचारली नव्हती ना.

आणखी एक. एका विस्तवाशी बसू नये असं त्या इतिहासकारानं का लिहिलं असेल? कोणी बसतच नसतं, तर लिहायची गरज काय होती? जे घडत नाही त्याला कोणी मनाई करत नाही. राजाच्या पदरी असलेल्या माणसानं राजाला आवडेल ते लिहिलं, आणि लोक बसत होते हे त्याच्याच लेखणीतून निसटलं. सावकाराच्या कागदाचंही तसंच असणार. तालमीत सगळ्या घरांतली पोरं येत होती, म्हणूनच त्याला ते वाक्य घालावंसं वाटलं. कथा मिश्र गिल्डच्या बाजूनं आहे, राजवीर. हुकूम विरुद्ध आहे. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत आणि मी तुला फक्त हुकूम वाचून दाखवला.

भाऊसो गडमुडशिंगीत राहतात हे मला कायम माहीत होतं. इथून के.एम.टी.च्या बसनं तासाभराची वाट. एकोणपन्नास वर्षांत गेले नाही. परवा जाते.

प्रसेनजीतला काही सांगायची घाई करू नको, आणि फार उशीरही करू नको. माझ्यावर राग आला तर तो तसाच लिही.

तुझी,
आत्या

कोल्हापूर,
दि. ३१ जानेवारी २०२५

चि. राजवीर यास,
आशीर्वाद.

आत्ताच आले. पाय दुखताहेत, पण लिहून मगच आडवी होते.

बसमधून उतरून विचारलं तर पहिल्याच माणसानं घर दाखवलं. भाऊसो कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. नात अक्षता अंगणात अभ्यास करत होती, तिनं खुर्ची दिली. त्यांनी मला ओळखलं नाही. आण्णांचं नाव सांगितल्यावर उठून उभे राहिले आणि वस्तादांच्या लेकीला चहा ठेव म्हणून आत सांगितलं. ते मला फार लागलं.

मी कागदाचं सांगितलं. कसला कागद, ते त्यांना कळेना. राजवीर, त्यांना ते कोणी सांगितलंच नव्हतं. आण्णांनी एवढंच सांगितलं होतं की तुझा दम कमी पडतो, मैदानाचं राहू दे. त्यांचं मन दुखू नये म्हणूनच सांगितलं असणार. तुझ्यासारखंच. पुढं दोन वर्षं हा मुलगा कामाआधी पहाटे एकटा पळत होता. गांधीनगरच्या वळणापर्यंत जायचं आणि यायचं, दम वाढावा म्हणून. वाढला की परत तालमीत जायचं असं ठरवलं होतं. तो पुरेसा वाढला असं त्यांना कधी वाटलंच नाही. पोरालाही कुस्तीला घातलं नाही, आपल्या घरात दमच नाही म्हणून.

कागदात काय होतं ते वाचून दाखवा, म्हणाले. कागद माझ्याजवळ नव्हता, पण वाक्य पाठ होतं. इंग्रजीत म्हटलं, मग मराठीत. ह्या खेपेला अडखळले. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. चहा निवून गेला. मग म्हणाले,

"म्हंजे बाई, दम हुता की माझ्यात."

मी हो म्हटलं. क्षमा मागायला गेले होते, ते शब्द तोंडातच राहिले. निघताना त्यांनी बसथांब्यापर्यंत सोडलं. भराभर चालत होते. मला गाठता येईना.

हे आणि मागचं, दोन्ही पत्रं प्रसेनजीतच्या पुढ्यात ठेव. माझी इभ्रत सांभाळू नकोस.

तुझी,
आत्या

पुणे,
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी सगळी पत्रं प्रसेनजीतला दिली, पान एकतीसवालं पण. त्यानं सावकाश वाचली. भाऊसोंच्या भेटीचं पत्र दोनदा वाचलं. त्यांचं वय काय, अजून पळतात का, एवढंच विचारलं. मग म्हणाला,

"पुस्तकात बसत न्हाय म्हणून काढलं असतंस, तर भांडलो असतो तुझ्यासंगं. तू मला हळू म्हणालास."

मी पत्रं गोळा करून परत पाकिटात घातली.

पृथ्वीराजला अडतिसाव्या पानाची यादी दाखवली. बारावं नाव त्यानं बघितलं, पण निर्णय बदलला नाही. मी गिल्ड सोडली. काल स्पर्धा झाली. त्यांचा तिसऱ्या फेरीतच निकाल लागला, असं ऐकलं. आनंद झाला नाही. मी खेळात एकटाच त्या नदीच्या उतारावर गेलो. तिथं खरंच एक दगड आहे, गवतात बुजलेला, त्यावर बारा नावं. दोन वर्षं आम्ही त्याच्यावरून उड्या मारत गेलो होतो. थोड्या वेळानं प्रसेनजीतचा ऑर्क आला आणि दगडाच्या पलीकडं उभा राहिला. खोलीत आम्ही दोघं चार हातांवर बसलो होतो, तरी एकमेकांकडं बघितलं नाही.

अजून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. लागेल तेवढा वेळ त्याला घेऊ दे. पण आज सकाळी सेकंद लिहायची ती वही कचऱ्याच्या डब्यात दिसली, आणि घड्याळ त्यानं परत मनगटावर बांधलंय.

मार्चमध्ये येतो. रिकामा डबा घेऊन येतो, आणि गडमुडशिंगीला तुझ्याबरोबर मीही येतो. तोवर वाचत राहा, आणि माया कमी करू नकोस.

तुझा,
राजवीर