आभाळ पडलं नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मला भिंतीवरचा फोटो बघावा लागतो, आणि त्या फोटोत तू उगाच गरीब गायीसारखी बसली आहेस. तू तशी कधीच नव्हतीस. आज सकाळपासून माझा पाय घरात ठरत नाही. डाळ करपली, दूध उतू गेलं, पोरीच्या खोलीत चार वेळा डोकावून परत आले. म्हणून इथं ओट्याशी स्टूल घेऊन लिहीत बसले. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नावं ठेवू नकोस. तुला तर वाचताही येत नव्हतं.

ते स्कायलॅब नावाचं यान पडणार म्हणून गावभर झालं, तो दिवस आठव. भाताची लावणी चालू होती. बा पनवेलच्या बाजारातून भिजत आला. हॉटेलात कुणीतरी मोठ्यानं पेपर वाचला, तेवढं ऐकून. म्हणाला, "आभालातून घराएवढं लोखंड पडनार हाय. पेपरान लिवलंय." तू विचारलंस, "आपल्या गावाव कशाला पडंल?" तर बा म्हणाला, "नाय पडनार, असं पन नाय लिवलं." एवढ्यावर तुझं ठरलं. भाताची रोपं टाकून तू घरात आलीस आणि लग्नाकार्यालाच निघणारं ते लुगडं काढून नेसलीस. मरायचं तर धड लुगड्यात. त्याच लुगड्यात चुलीपुढे बसलीस आणि कोंबडा कापायला लावलास. आणि कोंबडा कुठला, तर लावणी संपली की बांधावरच्या देवाला द्यायला राखून ठेवलेला. त्याला आम्ही पोरं दगडसुद्धा मारायचो नाही. बा घाबरून म्हणाला, "अगं, देवाचा हाय तो." तू मसाला वाटता वाटता बोललीस, "बांधच नाय ऱ्हायला तं देव बसंल कुठं?"

मग तुला काय झालं कोण जाणे. शेजारच्या काकीशी तू दोन पावसाळे बोलत नव्हतीस, तिला हाक मारलीस. ती आली तांदळाच्या भाकऱ्या घेऊन, आणि आल्या आल्या तिच्या पोरांच्या डोक्यावर तिनं आपली पातेली पालथी घातली. पोरं जेवताना पातेलं उचलतात, घास घेतात, परत झाकून बसतात. बा खाटेखाली शिरून जेवतोय. तू हसत नाहीस. सगळ्या वर्षाचं सुकट भाजून काढतेस, उद्याला कशाला ठेवायचं म्हणून. आणि मग कोंबड्याची तंगडी माझ्या ताटात टाकतेस, सगळ्यांसमोर, भावाला सोडून मला, आणि बोलतेस, "उद्या जगलो तं तुना परत शालंत पाठवीन गं." भावाला सांभाळायला मला तू तिसरीतून काढलं होतंस. मी ती तंगडी खाल्लीसुद्धा नाही नीट. सगळे आभाळाकडे बघत होते, मी दप्तर शोधत होते.

सकाळी बातमी आली, लांब कुठल्या देशात समुद्रात आणि ओसाड रानात पडलं. बा खाटेखालून निघाला आणि जणू त्यानंच ते तिकडे वळवलं अशा ऐटीत विडी ओढत बसला. काकीशी तुझं बोलणं पुढं मरेपर्यंत टिकलं. देवाला तू दुसरा कोंबडा दिलास आणि वर त्यालाच सुनावलंस, "पेपरवाल्यान फसवलं, माझी काय चूक?" लुगड्यावर हळदीचा डाग पडला होता, तो निऱ्यांत दाबून तू पुढची सगळी लग्नं काढलीस. सगळ्यांचं सगळं फिटलं. मी तेल लावून, वेणी घालून, दप्तर घेऊन दारात उभी. तू माझ्याकडे बघितलंस आणि भावाला माझ्या कडेवर दिलंस. "भ्याले व्हते, बोलले." एवढंच. आणि चिखलात उतरलीस.

लोकांना मी हे कोंबड्यापर्यंत सांगते. लोक हसतात. पुढचं सांगत नाही.

आता ऐक. माझ्या पोरीला हैदराबादला नोकरी लागली आहे. तिला ओवे गावातलं स्थळ आलंय, घरचे चांगले, गाळे आहेत भाड्यानं दिलेले, आणि ही म्हणते, मी जाणार. महिनाभर मी नाही म्हणून बसले. मग परवा टीव्हीवर तेच, कुठलंसं निकामी यान पडणार, कुठं ते माहीत नाही. आता आमच्या रोडपालीच्या घराच्या खिडकीतून रोज विमानं दिसतात, आभाळातल्या वस्तूचं मला काय. पण तो टीव्हीवाला असा ओरडत होता की मी उठलेच. फ्रीजमधलं चिकन काढलं आणि सगळंच केलं. पोरगी म्हणते, "मम्मी, पृथ्वीवर पाणीच जास्त आहे, समुद्रातच पडेल. तू तंगडी मला का देतेयस?" माझ्या तोंडून निघून गेलं, "जा बाई तू हैदराबादला."

काल समजलं, समुद्रातच पडलं. आज सकाळी तिनं बॅग काढली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मम्मी, परवाचं खरं ना?" आये, तुझं वाक्य माझ्या जिभेवर आयतं होतं. भ्याले होते, बोलले. तेवढं म्हटलं असतं की ती थांबली असती, मी ओळखते तिला. इतकी वर्षं तुझ्यावर दात खाल्ले, आणि आज कळलं, ते बोलायला काहीच लागत नाही.

नाही बोलले. म्हटलं, "खरं. स्वेटर घे." ओव्याच्या लोकांना आता मी काय सांगू, ते माझं मी बघेन.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, पाठवणार तरी कुठं. एकच सांगायचं राहिलं. तिच्या बॅगेची चेन बसेना, म्हणून मी वर बसले. चेन लागली. ती म्हणाली, "मम्मी, झालं, ऊठ." मी बसूनच राहिले.