सूर्योदयाचा रकाना

४ नोव्हें. १९७१, धामणगाव बढे
मुंबईहून कागद आले. भाचा वसंत तिथे गणकयंत्रावर आहे. त्याने पाठवलेल्या वहीवरून यंत्राला द्यायची गणिताची कृती मीच लिहिली होती. यंत्राने पंचांग केलं. पाडव्याला सूर्य साडेदहाला उगवतो. ज्येष्ठात मावळतच नाही. छापखान्यात रहमानभाईंना दाखवलं. "मास्तर, मंग मजुरायले सुटी कधी द्याची?" हसलो. घरी आल्यावर नाही. हाताने गणित करावं तर मोतीबिंदू, तीन आणि आठ सारखेच. तीस वर्षांचं पंचांग यंदा...

९ नोव्हें.
वसंताचं पत्र. "मामा, सूर्योदयाच्या कृतीला अकरा मूल्यं लागतात, ती तुम्ही एका ओळीत कोंबलीत. यंत्र नावं पाहत नाही, फक्त क्रम पाहतं. एका ओळीत एकच नाव लिहा, चूक आपोआप दिसेल." जन्मभर पोरांकडून श्लोकांचे पदच्छेद करवून घेतले, स्वतः मात्र पोस्टकार्डाच्या कडेलाही लिहिणारा मी.
रहमानभाई म्हणाले, वीस तारखेपावतर थांबतो, मंग दुसरं काम लावन लागते.

११ नोव्हें.
अकरा नावं, अकरा ओळी. दुसरीपासून प्रत्येक ओळीच्या सहाव्या घरात जोडखूण, म्हणजे यंत्र त्या सगळ्या मिळून एकच ओळ समजतं. ही कृती जिथे वापरायला बोलावली त्या दुसऱ्या पानावरही तसंच. पान देखणं झालं. दुपारच्या टपालाने रवाना.

१२ नोव्हें.
हिला नक्कल दाखवली, कौतुकासाठी. इंग्रजी हिला येत नाही. दोन्ही पानं शेजारी ठेवून बोट खाली-खाली नेत गेली. "अहो, इथलं चवथं तिथं पाचवं काऊन हाये?"
अक्षांश-रेखांश. उलटे. मी चूकच सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवली.
मोताळ्याला जाऊन तार केली : चौथे पाचवे अदलाबदल.
ही म्हणाली, "आधीच दाखवलं असतं तं?"

१७ नोव्हें.
उत्तर नाही. वसंत जागेवर आहे की रजेवर, कोण जाणे. रोज टपालवाल्याची वाट. तो आता लांबूनच मान हलवतो.

२० नोव्हें.
काहीच नाही. छापखान्यात गेलो, सांगायला की राहू द्या. रहमानभाईंनी तिथी, वार, नक्षत्रं गेल्या आठवड्यात मी यंत्राच्या कागदांवरून दिली तेवढी जुळवून ठेवलेली. एक रकाना कोरा.
"दुसरं काम?"
"ते उद्या लावतो. जागा ठेवली हाये, मास्तर. सूर्य आला का बसवतो."
मी बसून राहिलो. सव्वापाचची टपालगाडी अजून यायची होती.